उद्याचा मान्ना आज मिळत नाही

(मनन-पाठ : निर्गम १६:१३-३१, यशया ४०:२८-३१)



मंडळीच्या घरभेटींना गेले म्हणजे एक उद्गार वारंवार कानी पडतो : "आता अंगात बळच उरले नाही." असे म्हणणारी माणसे अविश्वासू नसतात. कोणी बहीण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या पतीची कित्येक वर्षे सेवा करीत असते. कोणी भाऊ कंत्राटी नोकरीवर असतो आणि पुढच्या महिन्यात काम राहील की नाही हे त्याला ठाऊक नसते. कोठे वृद्ध आईबाप असतात. मुले दूर देशी, आणि दाराची कडी वाजली तर उठायलाही त्रास. अशा माणसांना "देवावर भरवसा ठेवा" एवढे सांगून आपण चहा घेऊन परत येतो. सांगितलेले खोटे नसते, पण अपुरे असते. भरवसा ठेवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे? देवाचे सामर्थ्य माणसाच्या हाती येते ते कोणत्या रीतीने?

या प्रश्नाचे अगदी घरगुती उत्तर पवित्र शास्त्राने निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात दिले आहे. मिसर देश सोडून इस्राएल लोकांना एक महिना झाला होता. समुद्र दुभंगलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पैलतीरावर गीत गाइले होते. आणि आता सीनच्या रानात पीठ संपले होते. लोक कुरकुर करू लागले. मिसरातली मांसाची भांडी त्यांना आठवू लागली. तेव्हा देवाने त्यांना अन्न दिले. पण ते देण्याची जी पद्धत त्याने ठरविली, तिच्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

१. जे मिळते ते दिवसापुरते

सकाळी दंव उडून गेले की छावणीभोवतीच्या जमिनीवर बारीक खवल्यांसारखे काही पडलेले दिसे. धण्यासारखे, पांढरे, चवीला मध घातलेल्या पोळीसारखे. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटरचे माप, एवढे वेचून आणायचे. उद्यासाठी ठेवायचे नाही. काहींनी मोशेचे ऐकले नाही आणि ठेवले. सकाळी त्यात किडे पडलेले व दुर्गंधी सुटलेली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, आणि ते राहिलेले नासत नसे. यावरून मान्ना नासणे हा केवळ हवेचा दोष नव्हता हे उघड आहे. देव आपल्या लोकांना काही शिकवीत होता.

देवाच्या मनात असते तर चाळीस वर्षांचे धान्य एकाच दिवशी कोठारात भरून देणे त्याला अवघड नव्हते. परंतु कोठार भरलेला माणूस दात्याकडे रोज पाहत नाही, कोठाराकडे पाहतो. देवाला आपल्या लोकांची नजर हवी होती. म्हणून त्याने अन्न दिले ते दिवसाच्या मापाने, आणि चाळीस वर्षे एकही दिवस चुकविले नाही. गिलगाल येथे कनान देशाचे पीक त्यांनी खाल्ले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला (यहोशवा ५:१२). तोपर्यंत तो बंद झाला नाही.

आपल्या बळाचेही असेच आहे. थकलेली ती बहीण रात्री छताकडे पाहत म्हणते, "अजून दहा वर्षे असेच चालले तर मी कशी निभावू?" दहा वर्षांचे बळ आज रात्री तिच्याजवळ नाही हे खरे आहे. ते कोणाजवळच नसते. देवाने ते देण्याचे वचन दिलेले नाही. त्याने वचन दिले आहे ते दिवसाच्या बळाचे. आणि उद्याची चिंता उद्यावर सोडा असे प्रभूने डोंगरावर सांगितले ते याच अर्थाने (मत्तय ६:३४). प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो तीदेखील आजच्यापुरती. उद्याचे ओझे आजच्या बळाने उचलायला गेलो की कंबर मोडते. आजचे ओझे आजच्या बळाने उचलता येते.

२. कालचे आज पुरत नाही

याच धड्याची दुसरी बाजू आहे. उद्याचा मान्ना आज मिळत नाही, तसा कालचा आज चालत नाही. आपल्यांपैकी पुष्कळांचा आत्मिक निर्वाह कालच्या मान्न्यावर चाललेला असतो. आजोबांनी विश्वासासाठी घरदार सोडले. आजी पहाटे चारला उठून प्रार्थना करीत. आपला स्वतःचा बाप्तिस्मा, दृढीकरण, तरुणपणी एखाद्या शिबिरात केलेले समर्पण. ह्या सगळ्या गोष्टी मोलाच्या आहेत. त्या सांगताना डोळे भरून येतात. पण त्या सांगून झाल्यावर आज सकाळी शास्त्र उघडले होते काय, असे कोणी विचारले तर आपण विषय बदलतो.

त्याच अध्यायात एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. देवाच्या आज्ञेवरून एक ओमर मान्ना भांड्यात भरून पिढ्यानुपिढ्या राखून ठेवण्यात आला. तो नासला नाही. परंतु तो खाण्यासाठी नव्हता; पुढच्या पिढ्यांनी पाहावा यासाठी होता. वाडवडिलांच्या विश्वासाच्या आठवणी ह्या त्या भांड्यातल्या मान्न्यासारख्या आहेत. त्या साक्षीसाठी जपाव्या. पोट भरायला मात्र सकाळी छावणीबाहेर पडून ताजाच वेचला पाहिजे.

३. वेचणे आणि दळणे

मान्ना आकाशातून पडे, पण कोणाच्या तोंडात पडत नसे. तंबूबाहेर जावे लागे, वाकावे लागे. ऊन तापले की तो वितळून जाई, म्हणून सकाळीच जावे लागे. गणनेच्या अकराव्या अध्यायात (११:८) आणखी एक तपशील आहे. लोक तो जात्यावर दळीत किंवा उखळात कुटीत, मग शिजवीत आणि त्याच्या पोळ्या करीत. देणगी देवाची, पण वेचणे, दळणे, शिजविणे माणसाचे.

शास्त्रवाचन म्हणजे वेचणे. वाचलेल्यावर मनन करणे म्हणजे दळणे. आणि त्या वचनाला धरून देवाशी बोलणे, ही प्रार्थना, म्हणजे शिजविणे. तीनपैकी एक सुटले तरी पोटात काही जात नाही. भराभर अध्याय वाचून शास्त्र मिटविणारा माणूस टोपली भरतो आणि उपाशी उठतो. शास्त्र न उघडता नुसती प्रार्थना करणारा आपलेच विचार देवाला ऐकवून येतो; देवाचे ऐकून येत नाही.

कोणी म्हणेल, आम्हांला इतके जमणार नाही. मग लहानशी सुरुवात करावी. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर १६ दिवसांत प्रभूचे सगळे चरित्र डोळ्यांसमोरून जाते. स्तोत्रे १५०, रोज पाच घेतली तर महिन्यात एक फेरी पूर्ण होते. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांप्रमाणे वाचता येतात. ज्याच्याजवळ तेवढाही वेळ नाही त्याने ११९ वे स्तोत्र घ्यावे. त्याच्या १७६ ओव्या आठ-आठांच्या २२ भागांत मांडलेल्या आहेत. दिवसाला एक भाग, आठ ओव्या. सकाळी चुलीवर भात ठेवल्यापासून उतरेपर्यंत तेवढे होते. मग त्यातली एकच गोष्ट दिवसभर मनात घोळवावी. जात्यात एका वेळी मूठभरच घालायचे असते.

वेळेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ऊन तापल्यावर मान्ना वितळे. आज सकाळी डोळा उघडताच पुष्कळांचा हात उशाशी ठेवलेल्या मोबाईलकडे जातो. जगाच्या बातम्या, नातलगांचे निरोप, कोणाचे कौतुक, कोणाचे भांडण, हे सगळे आत शिरल्यावर मग देवासाठी जागा शोधायची म्हणजे ऊन तापल्यावर टोपली घेऊन निघण्यासारखे आहे. त्याच यंत्रात शास्त्रही वाचता येते, हे खरे. तेव्हा यंत्राला दोष नको. आधी कोणाचे ऐकायचे एवढे ठरवावे.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी ख्रिस्ती आहोत, म्हणून आणखी एक अडचण आपल्याच घरात आहे. आजीचे मराठी शास्त्र कपाटात आहे. नातवंडे बडोद्यास गुजराती किंवा इंग्रजीत शिकतात, बेळगावास कानडीत, इंदुरास हिंदीत. त्यांना मराठी समजते, पण वाचताना जीभ अडखळते, आणि म्हणून कौटुंबिक प्रार्थना हळूहळू बंद पडते. बंद पडू देऊ नका. एकच उतारा आजीने मराठीत वाचावा आणि नातवाने त्याला येणाऱ्या भाषेत वाचावा. दोन भाषांत ऐकलेले वचन दोनदा दळलेल्या पिठासारखे असते. मुलाला मराठीची गोडी लागली तर उत्तमच. परंतु भाषेच्या अभिमानापायी त्याला भाकरीवाचून ठेवणे बरे नव्हे.

४. प्रभूलाही हे लागले

मनुष्यदेहात असताना प्रभू येशूनेही याच रीतीने सामर्थ्य घेतले. रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाने दगडांच्या भाकरी करावयास सुचविले, तेव्हा प्रभूने जे उत्तर दिले ते अनुवादाच्या आठव्या अध्यायातले आहे. आणि मोशेने ते शब्द मान्न्याचा अर्थ समजावून सांगताना उच्चारले होते. पुढची दोन उत्तरेही अनुवादातलीच, सहाव्या अध्यायातली. त्या रानात प्रभूजवळ ग्रंथाची गुंडाळी होती असे शास्त्र सांगत नाही. वचन अंतःकरणात होते, कारण ते आधी तेथे साठविलेले होते. परीक्षेची घटका आल्यावर पाने चाळायला सवड मिळत नाही.

मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूच्या एका शब्बाथाचे वर्णन आहे. सभास्थानात शिक्षण, भूतग्रस्ताला मोकळे करणे, शिमोनाच्या सासूचा ताप उतरविणे, आणि सूर्य मावळल्यावर कफर्णहूमातले सारे गाव दारात. असा दिवस गेल्यावर आपण दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत निजलो असतो. प्रभू मात्र पुष्कळ अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधीत आले आणि सांगू लागले की सर्व लोक त्याची वाट पाहत आहेत. प्रभू परत कफर्णहूमात गेला नाही. दुसऱ्या गावांकडे निघाला. प्रार्थनेतून त्याला बळ मिळाले, आणि त्या दिवसाचे आपले काम कोणते व कोणते नाही हेही स्पष्ट झाले. आपण दमतो त्याचे एक कारण हे असते की देवाने न सांगितलेली ओझीही आपण उचललेली असतात.

आणि जिला एकांतच मिळत नाही तिने काय करावे? नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेच्या पडलेल्या कोटासाठी त्याने घरी उपास केला, दिवसेंदिवस प्रार्थना केली. मग एके दिवशी द्राक्षारस देत असता राजाने एकाएकी विचारले की तुला काय पाहिजे. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये नहेम्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). ती किती लांब असणार? एका श्वासाएवढी. पण जो घरी दीर्घ प्रार्थना करतो त्यालाच कामावर श्वासाएवढी प्रार्थना सुचते. रोग्याची कूस बदलताना, बसच्या रांगेत, साहेबाच्या दारापुढे उभे असताना अशी प्रार्थना करता येते. आणि शब्दच सुचत नसतील त्या दिवशी पवित्र आत्मा आपल्या कण्हण्यालाही प्रार्थनेचे रूप देतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात वाचावे.

५. ओझे गेले नाही तर?

येथवर वाचून एखादे दुखावलेले मन म्हणेल, "मी हे सर्व केले. रोज वाचले, रोज मागितले. तरी माझे माणूस बरे झाले नाही." या प्रश्नाला टाळून कोणताही उपदेश प्रामाणिक राहत नाही.

पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. प्रभूने त्याला कळविले की आपली कृपा त्याला कमी पडणार नाही, आणि अशक्तपणा असतो तेथेच आपले सामर्थ्य पूर्णतेस येते (२ करिंथ १२:७-९). गेथशेमाने बागेत खुद्द पुत्राने प्याला टळावा म्हणून मागितले. प्याला टळला नाही; पण एक देवदूत येऊन त्याला शक्ती देऊन गेला (लूक २२:४३). काटा काढणे हे देवाच्या सामर्थ्याचे एक काम आहे. काटा असताना चालविणे हेही त्याचेच काम आहे, आणि ते लहान नव्हे.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचा शेवट आपण पुष्कळदा ऐकतो. देवाची वाट पाहणाऱ्यांविषयी तेथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत : ते गरुडासारखे वर उडतात, ते धावतात, ते चालतात. आपल्याला वाटावे की चढता क्रम हवा होता. आधी चालणे, मग धावणे, मग उडणे. संदेष्ट्याने चालणे शेवटी ठेवले. उडण्याचे दिवस आयुष्यात थोडे, धावण्याचे काही, आणि चालण्याचे पुष्कळ. औषधाची वेळ, पथ्याचा भात, रात्रीची जागरणे, पुन्हा सकाळ. अशा वाटेवर न थकता चालत राहणे हे संदेष्ट्याच्या दृष्टीने उडण्याइतकेच देवाचे देणे आहे.

पंडिता रमाबाईंच्या शेवटच्या काळाकडे पाहावे. केडगावच्या मुक्ति मिशनात शेकडो अनाथ मुली व विधवांचा सांभाळ चालू होता. त्यातच त्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकून, सामान्य बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले होते. पंधराहून अधिक वर्षे ते काम चालले. त्यांना ऐकू फार कमी येत असे आणि प्रकृती खालावली होती. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा प्रभूकडे गेली. जिने आईच्या कामाचा अर्धा भार वाहिला, गुलबर्ग्याची शाळा उभी करण्यात जिचा हात होता, ती. साठी ओलांडलेल्या त्या आईने काम ठेवून दिले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी ठेवले नाही. अध्यायामागून अध्याय, मुद्रितामागून मुद्रित तपासून त्यांनी ते तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निजल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून निघाले. मुलीच्या मृत्यूनंतरचे ते नऊ महिने हे चालण्याचे दिवस होते. रोजचे वचन हेच त्यांचे रोजचे काम होते, आणि तेच त्यांचे अन्न होते.

६. एकाचे जास्त, दुसऱ्याचे कमी

शेवटी एक गोष्ट मंडळीसाठी. मान्न्याच्या अध्यायात म्हटले आहे की मापून पाहिले तेव्हा ज्याने फार वेचले होते त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे वेचले होते त्याला कमी पडले नाही. पौल करिंथकरांस दुसरे पत्र लिहिताना नेमका हाच दाखला देतो (८:१३-१५), आणि तो कशासाठी? यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्यासाठी! म्हणजे ज्याच्याजवळ आज जास्त आहे, त्याच्या टोपलीत देवाने दुसऱ्याचा वाटा ठेवलेला असतो.

मान्न्यानंतरच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड झाले, तेव्हा देवाने त्याचे हात दगडाचे केले नाहीत. अहरोन आणि हूर दोहों बाजूंनी उभे राहिले आणि सूर्य मावळेपर्यंत त्यांनी ते हात धरून ठेवले. देवाचे सामर्थ्य मोशेला त्या दिवशी दोन माणसांच्या हातांतून मिळाले. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या पतीची सेवा करणाऱ्या त्या बहिणीला "देव बळ देईल" असे सांगणाऱ्याने त्याच वेळी हेही सांगावे, "बाई, बुधवारी दुपारी दोन तास मी त्यांच्याजवळ बसतो, तुम्ही जरा निजा." महिला मंडळाने वार वाटून घ्यावेत. तरुण संघातल्या कोणी औषधे आणून द्यावीत. वृद्ध आईबापांच्या घरी जाऊन कोणी एक स्तोत्र मोठ्याने वाचावे, कारण त्यांची दृष्टी गेली असेल. आणि बळ उरले नाही असे म्हणणाऱ्यानेही अशी मदत नाकारू नये. मोशेने नाकारली नाही.

तर प्रियांनो, उद्या सकाळी काय करायचे? टोपली घेऊन बाहेर पडायचे. आठ ओव्या वाचायच्या, एक गोष्ट मनात दळायची, आणि त्या दिवसापुरते बळ मागायचे. ते मिळेल. परवाचे विचारू नका. परवा सकाळीही दंव पडणार आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमचे बळ थोडे आहे हे तू जाणतोस. आजच्या दिवसाचा वाटा आज आम्हांला दे, आणि तो वेचण्यासाठी आम्हांला वेळेवर जागे कर. जे थकले आहेत त्यांना तुझ्या वचनाने उभे कर. ज्यांच्या टोपलीत जास्त आहे त्यांना शेजारच्या तंबूकडे पाठव. आणि ज्यांचे ओझे तू अजून उतरविले नाहीस, त्यांच्याबरोबर तू चाल. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, याच्या नावाने मागतो. आमेन.